‘तसला’ न म्हणता काय म्हणायचं: गोव्यातल्या मराठी घरांसाठी, वर्गांसाठी आणि कचेऱ्यांसाठी

समलिंगी माणसाचा विषय निघाला की मराठी घरात आवाज खाली जातो. ‘तो तसला आहे’, ‘त्यातला आहे’, ‘त्या लाइनीतला आहे’, एवढ्यावर भागवलं जातं. यात शिवी नसते, पण नावही नसतं. आणि ज्याला नाव नाही त्याच्याविषयी दवाखान्यात, शाळेत किंवा बातमीत नीट बोलताच येत नाही. हा लेख त्या पहिल्या अडचणीसाठी आहे. मुलाने वा मुलीने घरी सांगितलं आणि पुढे शब्द सुचेना असे आईबाप, वर्गात प्रश्न आलेले शिक्षक, केसपेपर लिहिणाऱ्या परिचारिका, तालुक्याच्या बातम्या देणारे वार्ताहर, या सगळ्यांना तो डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

पहिली पायरी: तीन गोष्टी वेगळ्या करा

मराठीतला ‘लिंग’ हा शब्द फार कामं करतो. शरीराचा अवयव, जन्मदाखल्यावरचा रकाना, व्याकरणातलं पुल्लिंग-स्त्रीलिंग, देवळातली पिंडी, सगळं एकाच शब्दात. त्यामुळे गोंधळ इथूनच सुरू होतो. कामापुरते तीन शब्द पक्के करा.

शरीरावरून जन्मावेळी जे नोंदलं गेलं ते जन्मलिंग. आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत की या दोन्हींत न बसणारे, ही आतली जाणीव म्हणजे लिंगभाव. आणि प्रेम, ओढ, आकर्षण कुणाविषयी वाटतं तो लैंगिक कल. ‘कल’ म्हणा, ‘आवड’ किंवा ‘निवड’ म्हणू नका. आवड म्हटलं की ती बदलता येईल असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

गे पुरुष हा पुरुषच असतो, फक्त त्याचा कल पुरुषांकडे असतो. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स उघडपणे गे होते. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० साली त्यांचं निधन झालं. अशा माणसाला ‘तृतीयपंथी’ म्हणणं म्हणजे कल आणि लिंगभाव यांची सरमिसळ. उलट बाजूने, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रीला ‘गे’ म्हणणं हीही तीच चूक.

चौथी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वेश आणि काम. पेडण्याकडे दशावताराचा नाटकप्रयोग पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. साडी नेसून, खोपा घालून उभा राहिलेला स्त्रीपार्टी नट ही त्याची कला आहे. प्रयोग संपल्यावर तो रंग पुसतो आणि घरी जातो. त्यावरून त्याचा कल कळत नाही, लिंगभावही कळत नाही. हातवारे, चाल, आवाज यांचंही तसंच. नाजूक बोलणारा मुलगा गे असेलच असं नाही आणि व्यायामशाळेतला दणकट गडी नसेलच असंही नाही.

दुसरी पायरी: शब्द निवडा, पण तो कुठे अडकतो ते माहीत असू द्या

पुरुषासाठी ‘गे’, स्त्रीसाठी ‘लेस्बियन’ हे शब्द आता मराठीत रुळले आहेत, ते वापरायला संकोच नको. मराठीच हवा असेल तर ‘समलिंगी पुरुष’, ‘समलिंगी स्त्री’. ‘समलैंगिक’ हाही चालतो. ‘समलिंगी’ हा शब्द नुसता वापरला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे फक्त पुरुष येतात, म्हणून पुढे ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ जोडा.

बायसेक्शुअल माणसासाठी ‘उभयलिंगी’ लिहिलेलं सर्रास दिसतं. इथे थांबा. शाळेत आपण ‘गांडूळ उभयलिंगी असते’ असं शिकलो आहोत, म्हणजे नर आणि मादी दोन्ही अवयव असलेला प्राणी. दहावीच्या मुलाच्या डोक्यात तोच अर्थ येतो. त्यापेक्षा ‘उभयलैंगिक’ किंवा सरळ ‘बायसेक्शुअल’ लिहा. ‘अलैंगिक’चीही तीच गत, कारण पुस्तकात ‘अलैंगिक प्रजनन’ आहे. ज्यांना कुणाविषयीच लैंगिक ओढ वाटत नाही त्यांच्यासाठी ‘एसेक्शुअल’ म्हणून एका वाक्यात अर्थ सांगितला की काम होतं.

‘पारलिंगी’ म्हणजे ट्रान्सजेंडर: जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि लिंगभाव जुळत नाहीत अशी व्यक्ती. सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून एक खूण लक्षात ठेवा: दुसरा शब्द खरा. पारलिंगी *स्त्री* ही स्त्री आहे, जन्मावेळी तिला मुलगा म्हटलं गेलं होतं. पारलिंगी *पुरुष* हा पुरुष आहे, जन्मावेळी त्याला मुलगी म्हटलं गेलं होतं. बातम्यांत हे उलटं छापलं जातं आणि त्या माणसाची ओळख एका ओळीत पुसली जाते.

‘तृतीयपंथी’ हा सरकारी कागदांवर आणि बोलण्यात रूढ झालेला आदराचा शब्द आहे, पण तो सगळ्या पारलिंगींना लागू नाही. पुष्कळ पारलिंगी पुरुषांना तो अजिबात आपला वाटत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनात त्याबरोबर साडी, टाळी आणि सिग्नल येतो. हिजडा ही नुसती लिंगओळख नाही, गुरू-चेला परंपरा असलेला तो एक समाज आहे. त्या समाजातल्या व्यक्ती स्वतःला तो शब्द अभिमानाने लावतात. बाहेरच्याने रस्त्यात ओरडला तर तीच शिवी होते. सौंदत्तीच्या यल्लम्माशी जोडलेले जोगते आणखी वेगळे, त्यांची ओळख देवीच्या सेवेतून येते. एका पिशवीत सगळ्यांना भरू नका.

‘आंतरलिंगी’ म्हणजे इंटरसेक्स: ज्यांची शरीररचना, गुणसूत्रं किंवा संप्रेरकं नर-मादीच्या ठरावीक चौकटीत बसत नाहीत. ही शरीराची गोष्ट आहे, कलाची नाही. आणि ‘क्वीअर’? इंग्रजीत एकेकाळी ती शिवीच होती, त्याच लोकांनी ती उचलून आपली केली. तरुण मंडळी एकत्र ओळख म्हणून ती वापरतात, पन्नाशीच्या पुढच्यांना ती अजून टोचू शकते.

शेवटी नियम एकच: समोरची व्यक्ती स्वतःला जे म्हणते ते म्हणा. १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचाच मानला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदेशीर ठरवलं. म्हणून ‘ऑपरेशन झालंय का?’ हा प्रश्न कुठल्याही शब्दाची पूर्वअट नाही. तो विचारूच नका.

तिसरी पायरी: क्रियापद सांभाळा

इंग्रजीत भांडण सर्वनामाशी असतं, मराठीत ते क्रियापदाशी आहे. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, ‘तू आलास’ की ‘तू आलीस’: तोंड उघडलं की लिंग ठरून जातं. तरीही समोरच्याचं लिंग ठरवल्याशिवाय बोलता येईल अशा पुष्कळ जागा मराठीने ठेवल्या आहेत. त्या हाताशी असल्या की पहिली पाच मिनिटं निभावतात.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे ‘तुम्ही’. ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही कुठे राहता’, ‘तुम्ही बसा’ यांत कुठेच लिंग नाही. ‘तू’वर गेलात की लगेच आलास-आलीस येणार. इथे गोव्यात एक अडचण होते. कोंकणीत पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांनाही आपुलकीने ‘तूं’ म्हणतात आणि ती सवय मराठी बोलताना तशीच येते. कोंकणीत ‘तूं खंय वता?’ म्हटलं तर क्रियापद कुणासाठीच बदलत नाही. तेच मराठीत आणलं की ‘कुठे जातोस’ आणि ‘कुठे जातेस’ यांतलं एक निवडावं लागतं. म्हणून अनोळखी माणसाशी मराठीत बोलताना ‘तुम्ही’ धरून ठेवा.

दुसरी जागा भविष्यकाळ. ‘येईन, येशील, येईल, येतील’ हे सगळ्यांना सारखं. ‘त्या उद्या येतात’ऐवजी नाव घेऊन ‘उद्या येतील’ म्हटलं की झालं. ‘येणार आहे’ हेही तसंच.

तिसरी जागा ‘त्यांनी, त्यांना, त्यांचं’. ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ यांत फरक पडतो, पण ‘त्यांनी फॉर्म भरला’, ‘त्यांना ताप आहे’, ‘त्यांचं म्हणणं असं’ यांत पडत नाही. बातमी लिहिताना ‘ते म्हणाले’ऐवजी ‘त्यांनी सांगितलं’ लिहा, अर्धा प्रश्न मिटतो. भूतकाळात ‘बोलला-बोलली’ टाळून ‘सांगितलं, विचारलं, दिलं, केलं’ अशी क्रियापदं घ्या.

स्वतःविषयी बोलणाऱ्यांसाठीही वाट आहे. अजून घरी सांगितलेलं नाही, पण ‘मी दमलो’ म्हणणं जिवावर येतं, अशा पारलिंगी मुलीला ‘मला दमायला झालंय’, ‘मला जायचंय’, ‘मला कंटाळा आलाय’ अशी ‘मला’ची वाक्यं आधार देतात. कितीतरी जण नकळत अशीच वाक्यं जोडत दिवस काढतात. आईबापांनो, तुमचं मूल अचानक ‘गेलो-गेले’ टाळतंय असं जाणवलं तर टोकू नका.

विशेषणांतही निवड करता येते. ‘चांगला-चांगली’ बदलतं, पण ‘हुशार’, ‘प्रामाणिक’, ‘कष्टाळू’ बदलत नाही. ‘मित्र-मैत्रीण’ऐवजी ‘सोबती’, ‘सहकारी’, ‘स्नेही’. ‘नवरा-बायको’ऐवजी ‘जोडीदार’.

नपुंसकलिंगाविषयी मात्र सावध. ‘ते आलं बघ’ असं मोठ्या माणसाविषयी मराठीत म्हटलं की तो उघड अपमान होतो, तृतीयपंथीयांची टर उडवायला हेच रूप वापरतात. कोंकणीत लहान मुलीविषयी मायेने ‘तें आयलें’ म्हणतात, तिथे त्यात काही वाईट नाही. पण घरातली ती माया मराठी वाक्यात उतरत नाही. स्त्री-पुरुष दोन्हींत न बसणाऱ्या काही व्यक्ती आदरार्थी ‘ते आले’ पसंत करतात, काही दोन्ही रूपं आलटून-पालटून वापरतात. ‘तुमच्याविषयी बोलताना आला म्हणू, आली म्हणू की आले?’ असं एकदाच, एकट्याला गाठून, सरळ विचारा. चारचौघांत विचारू नका.

दवाखान्यात हीच काळजी वेगळ्या पद्धतीने घ्यावी लागते. केसपेपरवर जुनं पुरुषी नाव आहे, बाकावर साडीतली स्त्री बसली आहे, आणि नाव मोठ्याने पुकारलं की सगळी ओपीडी वळून बघते. पुढच्या वेळी ती येत नाही, औषध अर्धवट राहतं. उपाय साधा आहे: टोकन नंबराने किंवा नुसत्या आडनावाने बोलवा, आणि कागदावरच्या नावाखाली पेन्सिलीने ‘हाक मारायचं नाव’ लिहून ठेवा.

चौथी पायरी: खोडायचे शब्द

‘छक्का’, ‘बायल्या’, ‘पावणेआठ’, ‘मीठा’, ‘होमो’ हे सगळे वर्गात, मैदानावर, तिंट्यावर ऐकू येतात. ‘बायल्या’ म्हणजे बाईसारखा, एवढाच त्याचा अर्थ. बाईसारखं असणं कमीपणाचं मानलं म्हणून ती शिवी झाली. मुलगा तिने खचतो आणि वर्गातल्या मुलीही काहीतरी शिकून घेतात. शिक्षकाने ‘असं बोलू नये’ एवढ्यावर न थांबता हे फोडून सांगावं. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात कलम १८ खाली शाब्दिक छळ हाही गुन्ह्यात धरला गेला आणि त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद झाली, हेही मोठ्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

स्त्रियांसाठी मराठीत शिव्या कमी आहेत. तो सन्मान नाही. ‘दोघी बहिणींसारख्या राहतात’ म्हणून विषयच मिटवला जातो. वीस वर्षं एकत्र राहिलेल्या दोघींपैकी एक आजारी पडली की ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला दुसरीकडे शब्द नसतो. ‘जोडीदार’ हा शब्द तिथे वापरा.

शिवी न वाटणारे शब्द जास्त त्रासाचे. ‘अनैसर्गिक’ हा जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ च्या भाषेतून वर्तमानपत्रांत आला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध त्या कलमातून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. तरी लहान मुलावर अत्याचार झाला की मथळ्यात ‘अनैसर्गिक कृत्य’ येतं. तो गुन्हा बालकावरचा लैंगिक अत्याचार आहे, तसाच लिहा. ‘अनैसर्गिक’ लिहिलं की गुन्हेगाराच्या शेजारी सगळे समलिंगी पुरुष उभे केले जातात.

‘नॉर्मल’ हा दुसरा. २०१५ च्या जानेवारीत गोव्यातच, राज्याच्या युवा धोरणाच्या प्रकाशनावेळी, एलजीबीटी (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर) तरुणांना ‘नॉर्मल’ करण्यासाठी केंद्रं काढण्याची भाषा एका मंत्र्यांच्या तोंडून आली. देशभर टीका झाल्यावर आपलं म्हणणं चुकीचं मांडलं गेलं असा खुलासा झाला, पण शब्द लोकांच्या लक्षात राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली ‘कल बदलण्याचे’ उपचार हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. त्यामुळे ‘बरा होईल’, ‘लग्न केलं की सुधारेल’ ही वाक्यं धोक्याची आहेत. घरच्यांना स्वतःचाच ताण पेलत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे बोला.

‘लिंगबदल’ऐवजी ‘लिंगपुष्टी शस्त्रक्रिया’ म्हणा, कारण त्या व्यक्तीच्या दृष्टीने काही बदलत नाही, शरीर मनाशी जुळतं.

पाचवी पायरी: फोनवरची भाषा

डेटिंग ॲपवर नव्याने आलेल्याला इथली भाषा कळत नाही आणि तिथेच फसगत होते. ‘टॉप’, ‘बॉटम’, ‘वर्स’ या शरीरसंबंधातल्या भूमिका: टॉप म्हणजे प्रवेश करणारा, बॉटम म्हणजे स्वीकारणारा, वर्स म्हणजे दोन्ही. जुने लोक ‘ॲक्टिव्ह-पॅसिव्ह’ म्हणतात. ‘प्लेस आहे?’ म्हणजे भेटायला तुझ्याकडे जागा आहे का. ‘होस्ट करतो’ म्हणजे आहे. ‘डिस्क्रीट’ म्हणजे घरी, कामावर कुणाला माहीत नाही. ‘बेअर’ म्हणजे अंगाने भरलेला, केसाळ. ‘ट्विंक’ म्हणजे सडपातळ, कोवळा दिसणारा. ‘नो फेम’ म्हणजे नाजूक वागणारे नकोत. हा आपल्याच लोकांनी आपल्यांना मारलेला टोमणा आहे, तो उचलू नका.

‘क्लीन आहेस का?’ असा प्रश्न येतो, म्हणजे एचआयव्ही नाही ना. एचआयव्हीसह जगणारा माणूस घाणेरडा नसतो. ‘शेवटची टेस्ट कधी केलीस?’ असं विचारा आणि स्वतःचीही तारीख सांगा. १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन आहे.

किनारपट्टीवर नवीन आलेल्यांनी एक सवय लावून घ्या. ‘आत्ता लगेच, माझ्या खोलीवर ये’ असा आग्रह, फोटो अर्धवट आणि व्हिडिओ कॉलला नकार, हे तिन्ही एकत्र आले की जाऊ नका. आधी गजबजलेल्या कॅफेत भेटा. चेहरा आणि उघडं अंग एकाच फोटोत पाठवू नका, ब्लॅकमेलचा माल तोच असतो. कुणी ‘पोलिसांना सांगीन, ३७७ लागेल’ म्हणून पैसे मागत असेल तर ते कलम आता नाही. खंडणी मागणं मात्र गुन्हा आहे.

आतले शब्द

कोती, पंथी, डबल डेकर, पारिक, चेला, डेरा, बधाई, मंगती, निर्वाण हे समाजाच्या आतले शब्द. कोती म्हणजे स्वतःत स्त्रीपण जाणणारा पुरुष, पंथी म्हणजे त्याचा पुरुषी जोडीदार, डबल डेकर म्हणजे दोन्ही भूमिका घेणारा. पारिक म्हणजे कायमचा पुरुष जोडीदार, चेला म्हणजे गुरूचा शिष्य, डेरा म्हणजे गुरूचं घर, बधाई म्हणजे लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन घेतलेले पैसे, मंगती म्हणजे पैसे मागत फिरणं, निर्वाण म्हणजे पुरुषी अवयव काढून टाकण्याचा विधी. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात हे ऐकायला मिळतात, तिथेच ‘एमएसएम’ही येतो, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. ती वर्तनाची नोंद आहे, ओळख नाही. घरी बायको-मुलं असलेला ट्रकचालक त्यात मोडेल आणि स्वतःला गे मुळीच म्हणणार नाही. हे शब्द समजून घ्या, कामाच्या कागदावर लिहा, पण बाहेरच्याने तोंडावर ‘काय गं कोती’ म्हणू नये. ती सलगी त्यांच्यातली आहे.

कागदावर उतरवताना

बातमीचं एक उदाहरण घ्या. ‘रेल्वे स्थानकावर तृतीयपंथीला मारहाण, मूळचा अमुक नावाचा हा तरुण साडी नेसून आला होता.’ एवढ्याशा वाक्यात तीन चुका आहेत: जुनं नाव उघड केलं, ‘हा तरुण’ म्हटलं, आणि साडीचा उल्लेख असा केला की मार खाण्याचं कारण तीच वाटावी. दुरुस्त केलेलं: ‘रेल्वे स्थानकावर महिलेला मारहाण, पारलिंगी असल्यावरून शिवीगाळ केल्याची तक्रार.’ ओळखीचा घटनेशी संबंधच नसेल, समजा स्कूटर घसरली, तर ‘पारलिंगी’ हा शब्दही नको.

जोडप्याविषयी लिहिताना ‘विवाहित’ लिहिण्याआधी थांबा. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. गोव्यात लग्न नागरी नोंदणीनेच होतं, तिथेही ही वाट नाही. त्यांनी समारंभ केला असेल तर ‘समारंभ केला’ लिहा आणि दोघांना ‘जोडीदार’ म्हणा. बँकेत मात्र अडवून घेऊ नका: संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला समलिंगी व्यक्तींना कुठलीही आडकाठी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. काउंटरवरचा माणूस ‘नातं काय लिहू?’ म्हणून थबकला तर हा खुलासा त्याला शांतपणे सांगा.

जीभ घसरली तर

घसरणारच. वीस वर्षं ‘आला’ म्हटलेल्या लेकराला ‘आली’ म्हणायला वेळ लागतो. वाक्य तिथेच दुरुस्त करा, ‘आला... आली’, आणि पुढे बोलत राहा. हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून दहा मिनिटं माफी मागितली की समजूत काढायचं काम उलट तिच्यावरच येतं. घरात सराव हवा असेल तर ती समोर नसताना करा. आईने बाबांशी बोलताना, आत्याशी फोनवर, बाजारात निघताना प्रत्येक वाक्यात नवं नाव आणि ‘आली’ वापरायचं. पाठीमागे जे रूप तोंडात बसतं तेच समोर येतं.